दिवा सरकारचा, मनोरा कुणाचा?

लेख दीपगृहावर आहे, पण सुरुवात बरणीपासून करायला हवी. अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलात की निळसर काचेची, जस्ताच्या झाकणाची एक बरणी हमखास दिसते. काचेवर वळणदार उठावाच्या अक्षरांत ‘बॉल’ असं नाव असतं. आपल्याकडे कैरीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत मुरतं, तसे तिथल्या घरांत उन्हाळ्यातले पीच आणि टोमॅटो हिवाळ्याच्या बेगमीसाठी या बरण्यांत भरले जात. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी बॉल बंधूंचा कारखाना होता, आणि काचेसाठी लागणारी वाळू मिशिगन सरोवराच्या काठावरच्या एका टेकडीतून यायची. हूझियर स्लाइड हे तिचं नाव. उंची सुमारे २०० फूट. मिशिगन सिटी या गावाच्या बंदराच्या तोंडाशी, पश्चिम अंगाला ती उभी होती. किनाऱ्यावर दिवा नव्हता तेव्हा बोटीवरच्या माणसांना लांबून ओळखू येणारी खूण म्हणजे हीच टेकडी. १८९० ते १९२० या ३० वर्षांत मजुरांनी ती फावड्यांनी उपसून रेल्वेच्या वाघिणींत भरली. सुमारे १ कोटी ३५ लाख टन वाळू. टेकडीच्या जागी आज कोळशावरचं वीजकेंद्र आहे. त्याचा पाणी थंड करणारा भलामोठा मनोरा लांबून पाहून नवखे लोक ‘इथे अणुवीज बनते का?’ असं विचारतात.

त्याच बंदराच्या तोंडाशी, पूर्वेच्या धक्क्याच्या टोकावर लाल छपराचं पांढरं दीपगृह आहे. १९०४ चं. ते मात्र जागेवर आहे.

एकाच बंदराच्या दोन काठांवरच्या या दोन खुणांपैकी एक बरण्यांत गेली आणि दुसरी राहिली, ती का? दीपगृह जास्त सुंदर होतं म्हणून नव्हे. हूझियर स्लाइड बघायला शिकागोहून बोटी भरभरून माणसं येत, लहानथोर तिच्या माथ्यावर चढत आणि घसरत खाली येत. कारण साधं आहे: टेकडी खासगी मालकीची होती आणि दीपगृह जनतेच्या मालकीचं. एखादी गोष्ट टिकणार की नाही हे तिच्यावरच्या प्रेमापेक्षा सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे यावर जास्त ठरतं, असं माझं मत आहे. आणि म्हणूनच गेली २५ वर्षं अमेरिकी सरकारनं आपली दीपगृहं ज्या पद्धतीनं हातावेगळी करायला घेतली आहेत, ती पद्धत मला निम्मी बरोबर आणि निम्मी साफ चूक वाटते.

आधी हा दिवा तिथे का आला ते पाहू. मिशिगन सरोवर नकाशावर उभं, लांबोडकं दिसतं. उत्तर-दक्षिण लांबी जवळजवळ ५०० किलोमीटर. उत्तरेचा वारा सुटला की एवढ्या लांबीवर वाढत आलेल्या लाटा दक्षिण टोकावर येऊन आदळतात, आणि दक्षिण टोकालाच इंडियानाचा जेमतेम ७० किलोमीटरचा किनारा आहे. ‘तलाव’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा किंवा पवई येतो. इथे पाणी गोडं असलं तरी वागणूक समुद्राची आहे. त्यात किनारा सगळा वाळूचा. ट्रेल क्रीक नावाचा ओढा सरोवराला मिळतो तिथे वाळूची दांडी साठायची, मोठ्या गलबतांना आत येता यायचं नाही, बाहेर नांगर टाकून माल होड्यांतून आणावा लागायचा. १८३० च्या दशकात ज्यांनी हे गाव वसवलं, त्यांना ते शिकागोच्या तोडीचं बंदर व्हावं असं वाटत होतं. सरकारनं धक्के बांधले, गाळ काढला, १८३७ मध्ये ४० फुटी पांढरा मनोरा उभारून दिवा लावला. वाळू पुन्हा पुन्हा येत राहिली. शिकागो शिकागो झालं, मिशिगन सिटी मिशिगन सिटीच राहिलं.

१८५८ मध्ये जुना मनोरा जाऊन नवी इमारत आली: खाली राहतं घर, छपरावर कंदिलाची खोली, आत पाचव्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग. काचेच्या लोलकांच्या कड्या एकाभोवती एक रचून, छोट्या ज्योतीचा विखुरणारा उजेड गोळा करून आडव्या पट्ट्यात सरळ पुढे फेकायचा, ही या भिंगाची करामत. त्या आधीची ३० वर्षं अमेरिकेतल्या दीपगृहांचा कारभार स्टीफन प्लेझंटन नावाच्या एका हिशेबतपासनिसाच्या हाती होता. पैसे वाचवण्यात हा गृहस्थ वाकबगार. फ्रेंचांची भिंगं महाग पडतात म्हणून त्यानं वर्षानुवर्षं ती घेतलीच नाहीत. १८५२ मध्ये कारभार नव्या मंडळाकडे गेला तेव्हा कुठे ही भिंगं सगळीकडे बसू लागली. (काटकसर करणारा अधिकारी नेहमीच कौतुकाचा विषय असतो. जहाजं फुटण्याचा खर्च त्याच्या वहीत येत नाही.)

१८६१ मध्ये या घरात हॅरिएट कोलफॅक्स राहायला आली. वय ३७. त्याआधी ती गाणं आणि पियानो शिकवायची, भावाच्या वर्तमानपत्रात छपाईचे खिळे जुळवायची. चुलतभाऊ स्कायलर कोलफॅक्स काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य होता, पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या काळात तो देशाचा उपाध्यक्ष झाला. नोकरी त्याच्या वशिल्यानं मिळाली हे उघड आहे, आणि चणीनं लहानखुऱ्या बाईला हे काम झेपेल का अशी कुजबुजही झाली. वशिल्याच्या नेमणुकांची आपल्याला सवय आहे, म्हणून तिचं पुढचं सांगतो. तिनं तो दिवा ४३ वर्षं सांभाळला. १९०४ मध्ये काम सोडलं तेव्हा ती ८० वर्षांची होती.

४३ वर्षं दिवा सांभाळणं म्हणजे काय? घराच्या छपरावरचा दिवा हा सोपा भाग. १८७१ मध्ये धक्क्याच्या टोकाला दुसरा, छोटा दिवा बसवला गेला आणि तोही तिच्याकडेच आला. धक्का सुमारे दीड हजार फूट लांब, लाकडी, वर लाटा येणाऱ्या. पुढे हा दिवा पश्चिमेच्या धक्क्यावर हलवला, म्हणजे आधी ओढा ओलांडायचा आणि मग चालायचं. तेव्हा इंधन होतं डुकराच्या चरबीचं तेल. व्हेलचं तेल परवडेना म्हणून मंडळानं ते आणलं होतं, आणि त्याची खोड अशी की थंडीत ते थिजतं. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतात, तोच प्रकार; फरक एवढाच की तिथे ऊन नाही, वारा उणे तापमानाचा, आणि तेल वितळलेलं असतानाच धक्क्याच्या टोकाला पोचायला हवं. ती ते चुलीवर गरम करायची, घेऊन निघायची. कधी पोचेपर्यंत ते पुन्हा घट्ट व्हायचं. मग परत घरी, परत चूल, परत धक्का. हे संध्याकाळी, आणि रात्रीतून पुन्हा. तिनं लिहिलेल्या नोंदवह्या आहेत. हवा, वारा, आलेल्या बोटी, तपासणीला आलेले साहेब. तक्रार जवळजवळ नाही. अॅन हार्टवेल ही शिक्षिका मैत्रीण आयुष्यभर तिच्याबरोबर त्या घरात राहिली. १९०५ च्या जानेवारीत अॅन गेली, एप्रिलमध्ये हॅरिएट. दिवा हातातून गेल्यावर जेमतेम सहा महिने.

तिनं काम सोडलं त्याच ऑक्टोबरात पूर्वेच्या धक्क्यावरचं नवं दीपगृह सुरू झालं. जुन्या घरातलं भिंग काढून नव्यात बसवलं. नव्या इमारतीत धुक्यात वाजवायचा भोंगा होता, आणि घरापासून दिव्यापर्यंत जाण्यासाठी धक्क्याच्या वर, लोखंडी कमानींवर पेललेली एक अरुंद वाट बांधली गेली. तिला कॅटवॉक म्हणतात. फॅशनच्या जगातला शब्द इथून गेला की तिथून आला, या वादात मी पडत नाही. एवढं खरं की इथे त्या वाटेवर रेनकोट घातलेला माणूस कठड्याला धरून चालायचा आणि त्याच्या पायांखालून लाटा जायच्या. हॅरिएटला ही वाट मिळाली नाही. तिच्यानंतरच्यांना मिळाली.

मला विचाराल तर या बंदरातली सगळ्यात मोलाची वस्तू मनोरा नाही, ही वाट आहे. मनोरे पुष्कळ आहेत, आणि सगळे फोटोत छान येतात. पण दिवा म्हणजे रोजचं जाणं-येणं होतं, कुणीतरी तेल घेऊन चालत होतं, हे सांगणारी वस्तू सरोवराच्या काठांवर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. धक्क्यांवरच्या अशा वाटा पूर्वी बऱ्याच होत्या. दिवे विजेवर गेले, मग स्वयंचलित झाले, चालायला कुणी उरलं नाही, तशा वाटा काढून टाकल्या. पलीकडे मिशिगन राज्यातल्या ग्रँड हेवन गावात १९८० च्या दशकात वाट पाडायची वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ती वाचवली. मिशिगन सिटीतही असाच प्रसंग आला, लोक उठले, आणि १९८८ मध्ये दीपगृह आणि वाट दोन्ही राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत गेली.

या बंदराच्या इतिहासातला एक दिवस इथे सांगायचाच आहे, जरी तो युक्तिवादात कुठे बसत नसला तरी. २४ जुलै १९१५. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची सहल शिकागोहून मिशिगन सिटीला निघायची होती. ‘ईस्टलंड’ बोटीवर अडीच हजार माणसं चढली, बायकामुलांसकट, सणाचे कपडे घालून. बोट शिकागो नदीत धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. ८४४ माणसं गेली. काठ हाताच्या अंतरावर होता. सरोवरातल्या वाटेचे सगळे धोके ओळखून बांधलेला दिवा पैलतीरी होता आणि बोट त्याच्या टापूत आलीच नाही.

आता मुद्द्याकडे. १९३९ मध्ये अमेरिकेचं दीपगृह खातं तटरक्षक दलात विलीन झालं. मिशिगन सिटीचा दिवा १९३३ मध्ये विजेवर आणि १९६० मध्ये स्वयंचलित झाला. हॅरिएटचं जुनं घर रिकामं पडलं. गावातल्या इतिहासप्रेमींनी ते सावरून १९७३ मध्ये संग्रहालय केलं. पुढे उपग्रहावरून ठिकाण कळू लागलं आणि तटरक्षक दलानं विचारलं की हे शेकडो मनोरे आम्ही कशाला रंगवत बसायचं? प्रश्न रास्त होता. बुडणारी माणसं वाचवायची की छपरं शाकारायची, यात दलानं काय निवडावं हे सांगायला नको.

उत्तर म्हणून २००० मध्ये कायदा झाला. दलाला नको असलेलं दीपगृह आधी नगरपालिका, राज्यसंस्था किंवा ना-नफा संस्थेला फुकट देऊ करायचं; कुणी योग्य दावेदार पुढे आलाच नाही तर लिलाव. २०२३ पर्यंत दीडशेहून अधिक दीपगृहं अशी सरकारच्या हातून गेली. निम्म्याहून थोडी जास्त फुकट, बाकीची बोली लावून. बॉस्टनच्या बाहेरचं ग्रेव्ह्ज दीपगृह २०१३ मध्ये ९,३३,८८८ डॉलरला गेलं. मिशिगन सिटीचं दीपगृह शहराकडे आलं. फुकट.

‘फुकट’ या शब्दावर जरा थांबू. त्या धक्क्यावर उभं राहून कोण कशाचा मालक ते मोजा. पायांखालचा धक्का लष्कराच्या अभियंता दलाच्या अखत्यारीत. मनोऱ्यातला दिवा तटरक्षक दलाचा. कायद्यानं त्यांना आत जायचा, दिवा चालू ठेवायचा हक्क राखून ठेवलेला आहे. धक्क्याखालचा सरोवराचा तळ इंडियाना राज्याचा. आणि रंग, गंज, गळकं छप्पर, वाकलेल्या कमानी, पावसाळी हिवाळे? ते शहराचे. ३० हजार वस्तीच्या आसपासचं हे गाव, कारखाने गेलेलं. म्हणजे केंद्र सरकारनं स्वतःच्या कामाची वस्तू स्वतःकडे ठेवली आणि खर्च तेवढा गावाला आंदण दिला. आपल्याकडे पांढरा हत्ती भेट देण्याची गोष्ट सांगतात. इथे हत्ती देऊन वर त्याच्यावर बसायचा हक्कही राखून ठेवला आहे.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राच्या बाजूनं येतो, आणि तो हुशार आहे. वर्गात दीपगृह हे ठरलेलं उदाहरण असतं: एका जहाजानं उजेड घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, पैसे न देणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही, म्हणून हे काम सरकारचं. जॉन स्टुअर्ट मिलपासून पॉल सॅम्युएल्सनपर्यंत सगळ्यांनी हे उदाहरण दिलं. १९७४ मध्ये रोनाल्ड कोस यांनी एक निबंध लिहून ते उधळलं. इंग्लंडात शतकानुशतकं खासगी लोकांनी दीपगृहं बांधली, चालवली, आणि जहाज बंदराला लागलं की दिव्याचा कर वसूल केला, हे त्यांनी दाखवलं. मग आज एखादा हौशी माणूस मनोरा विकत घेऊन जपत असेल तर पोटात का दुखावं?

दुखतं ते अशासाठी. इंग्लंडातल्या त्या मालकांकडे राजाची सनद होती आणि कर सक्तीचा होता. बाजारपेठेपेक्षा तो वतनाचा प्रकार अधिक. १८३६ मध्ये संसदेनं ती खासगी दीपगृहं विकत घेऊन ट्रिनिटी हाउस या दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेकडे देण्याचा कायदा केला, कारण कर जहाजवाल्यांना डोईजड झाला होता. पण खरा फरक वेगळाच आहे. तो मालक दिवा विकत होता. आजचा मालक दिवा विकत घेतच नाही. दिवा तटरक्षक दलाकडेच राहतो. त्याला मिळते ती पाण्यातली जागा आणि चहूबाजूंचा देखावा. सार्वजनिक सेवा खासगी झाली असं म्हणण्यासाठी आधी सेवा हस्तांतरित व्हावी लागते. इथे झालं आहे ते फार्महाउस.

ग्रेव्ह्जच्या मालकांनी काम चोख केलं, हे कबूल करायलाच हवं. सरकारच्या ताब्यात होतं त्यापेक्षा ते आज चांगल्या स्थितीत आहे. किनाऱ्यापासून मैलोन्मैल दूर, पाण्यातल्या खडकावर उभ्या दीपगृहांचा लिलाव करा, माझी हरकत नाही. तिथे कोणी चालत जात नव्हतं, पुढेही जाणार नाही. पण बंदराच्या तोंडावरचं दीपगृह निराळं. त्याच्या धक्क्यावर पहाटे गळ टाकून बसलेली माणसं असतात, शाळेची पोरं असतात, फिरायला आलेले म्हातारे असतात. मिशिगन राज्यातल्या हॉलंड गावाचं ‘बिग रेड’ बघा. डच स्थलांतरितांनी कुदळ-फावड्यांनी कालवा खोदून सरोवराला वाट काढली, त्या वाटेच्या तोंडावरचं हे दीपगृह. १९७० च्या दशकात दलाला ते सोडून द्यायचं होतं तेव्हा गावानं सह्या गोळा करून राखलं. पण त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता खासगी बंगल्यांच्या जमिनीतून जातो, म्हणून बहुतेक लोक कालव्याच्या पलीकडच्या सरकारी उद्यानातूनच त्याला बघून परत येतात. मनोरा लोकांचा, वाट दुसऱ्याची. निम्मं सार्वजनिक म्हणजे काय, ते तिथे कळतं.

या किनाऱ्यावर मालकीचा प्रश्न काही नवा नाही. १८६९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळानं शिकागो बंदराचा हजार एकरांहून जास्त पाण्याखालचा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांनी शुद्धीवर येऊन परत घेतला. कंपनी कोर्टात गेली. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नौकानयनाच्या पाण्याखालची जमीन राज्याकडे जनतेची ठेव म्हणून असते. अशी ठेव विकून मोकळं होण्याचा अधिकारच सरकारला नाही. सव्वाशे वर्षांनी, २०१८ मध्ये, मिशिगन सिटीला लागून असलेल्या लाँग बीच गावात पुन्हा तोच प्रश्न आला. सरोवराकाठच्या घरमालकांचं म्हणणं, आमची हद्द पाण्यापर्यंत. पुढची वाळू आमची. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाही. पाण्याच्या नेहमीच्या उच्च रेषेपर्यंतचा किनारा राज्याचा आणि लोकांना त्यावरून चालता येतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी त्यात हात घालायला नकार दिला.

पाण्याखालची वाळू लोकांची ठेव, पाण्याकाठची ओली वाळू लोकांची ठेव, आणि त्याच वाळूवर, लोकांच्या पैशानं बांधलेला मनोरा मात्र दावेदार न मिळाल्यास लिलावात? हे तर्कात बसत नाही. न्यायालयांनी ठेवीचं तत्त्व मनोऱ्यांना लावलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. लावावं असं माझं म्हणणं आहे. आणि न्यायालयाची वाट न पाहता काँग्रेसनं कायद्यातली एक ओळ बदलून लावावं. बंदराच्या प्रवेशावरची, पायी पोचता येणारी दीपगृहं लिलावाच्या यादीतून कायमची वगळावीत.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पैसा कुठून? इथे मला नवल वाटतं, कारण पैसा त्याच धक्क्याशी बांधलेला आहे. १९८६ पासून अमेरिकेत बंदर-देखभाल कर आहे. आयात मालाच्या किमतीवर शेकडा पाव नव्हे, त्याच्याही निम्मा, ०.१२५ टक्के. त्यातून अभियंता दल गाळ काढतं, धक्के आणि लाटा अडवणारे बांध दुरुस्त करतं. हा पैसा वर्षानुवर्षं पूर्ण खर्चच होत नव्हता. २०२० च्या सुमारास शिल्लक ९ अब्ज डॉलरच्या घरात होती. ज्या निधीतून पायाखालचा धक्का दुरुस्त होतो, त्याच निधीतून धक्क्यावर उभा मनोरा रंगवायला बंदी का असावी? दिवा आजही अधिकृत नौकानयनाचं साधन आहे. शिल्लक रकमेत हा खर्च कुठे गेला ते शोधावं लागेल इतका तो किरकोळ आहे. उलट आज गावानं काय करायचं, तर टी-शर्ट विकायचे, स्पॅगेटीच्या पंगती घालायच्या, देणगीदारांच्या नावाच्या विटा बसवायच्या. लोकसहभाग ही चांगली गोष्ट आहे. पण लोकसहभाग आणि हात झटकणं यांतला फरक सरकारला सोयीस्करपणे दिसत नाही.

यावर तटरक्षक दलातला एखादा सडेतोड माणूस म्हणेल, दिव्यासाठी मनोरा लागतच नाही. लोखंडी खांब रोवा, त्यावर एलईडी लावा, दहा मिनिटांचं काम. त्याचं खरं आहे, आणि सगळा प्रश्न उपयुक्ततेवर सोडवायचा असेल तर मी हरलो. पण उपयुक्ततेचं माप लावून या बंदरात काय झालं ते आपण पाहिलं आहे. टेकडीचा उपयोग बरण्यांसाठी होता. गंमत बघा: १९१६ मध्ये, टेकडीच्या शेवटच्या वाघिणी भरल्या जात असताना, सरकारचे अधिकारी स्टीफन मॅथर शिकागोत बसून याच किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या राष्ट्रीय उद्यान कराव्यात का यावर लोकांची मतं ऐकत होते. ते उद्यान व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात पोलादाचे कारखाने आले, बर्न्स हार्बरचं बंदर आलं, १९६६ मध्ये उरल्यासुरल्या टेकड्यांना कसंबसं संरक्षण मिळालं. हूझियर स्लाइडला त्याचा उपयोग नव्हता. तोवर ती घरोघरच्या फडताळांत पोचली होती.

आपल्याकडचं थोडं सांगतो, कारण वाचताना ते मनात येणारच. भारतात दीपगृहं केंद्राच्या एका खात्याकडे आहेत आणि बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्याचा कर घेऊन तो खर्च चालतो. १९२७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात वारसा दीपगृहांचाही विचार आहे. २०२४ मध्ये ७५ दीपगृहं पर्यटनासाठी खुली करण्यात आली. खांदेरीवर १८६७ पासून दिवा आहे, आणि ज्या पाण्यात कान्होजी आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय गलबत हाकता येत नव्हतं त्या पाण्यावर तो फिरतो. आपली पद्धत गबाळी असेल, पण एका बाबतीत ती अमेरिकेपेक्षा शहाणी आहे: जो दिव्याचा पैसा घेतो, तोच मनोऱ्याचा धनी. ही गाठ आपण सोडू नये. पर्यटनाच्या नावाखाली मनोरा ‘चालवायला’ देण्याची भाषा कुणी सुरू केली, तर मिशिगन सिटीचा धक्का आठवावा.

मी तिथे गेलो होतो ते नोव्हेंबरात. हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडे शिकागोच्या इमारती काड्यांसारख्या दिसतात, तशा दिसत होत्या. वारा उत्तरेचा. धक्क्यावर दोन माणसं गळ टाकून बसली होती, शेजारी प्लास्टिकची बादली. वर लोखंडी वाट, तिच्या कमानींना गंजाचे ओघळ. त्यातल्या एकाला मी विचारलं, ही वाट कुणाची? त्यानं मान वर करून पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होता, आणि म्हणाला, ‘आमचीच की.’ मग पुन्हा गळाकडे वळला.